वर्ग घरी आला, पण मुलगी वर्गात आली का?

आटपाडी तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बायकांची बैठक होती. विषय होता मुलींचे शिक्षण आणि लग्नाचे वय. बोलता बोलता एक आई म्हणाली, "ताई, आमच्या थोरलीनं दोन वर्सं कॉलेज भाकरी थापत केलं. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची. सर तिकडनं बोलायचं, ही हिकडं तव्यावरची भाकरी उलटायची. आता कुणी इचारलं, तू कॉलेजला हुतीस का, तर ती माझ्याकडं बघती. मला बी सांगता येत न्हाई. पोरगी कॉलेजला हुती म्हनायची का घरात?"

बायका हसल्या आणि मग गप्प झाल्या. मलाही उत्तर सुचले नाही. समाजकार्याची पदवी घेताना शिक्षणावरचे कितीतरी अहवाल वाचले होते, पण हा प्रश्न इतक्या सरळ शब्दांत कुणी मांडलेला नव्हता. हे संपादकीय त्या बाईला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

कुणी म्हणेल, हा विषय आता जुना झाला. टाळेबंदी उठली, कॉलेजे भरू लागली, मुली पुन्हा एसटीत बसल्या. मग आज हे उकरून कशाला काढायचे? त्याला कारण आहे. टाळेबंदी गेली तरी तिच्यासोबत आलेला आभासी वर्ग गेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी 'स्वयम्'सारख्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतून २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेण्याची मुभा दिली होती. २०२१ मध्ये ती मर्यादा ४० टक्क्यांवर नेली गेली. म्हणजे एका सत्रातले शंभरातले चाळीस विषय मुलगी वर्गाचे तोंड न बघता पुरे करू शकते. दुसरीकडे ग्रामीण कॉलेजांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर गाडा ओढला जातो आहे. 'शिकवायला माणूस नाही ना, मग तो विषय ऑनलाइन करा' हे वाक्य आता कॉलेजांच्या बैठकांतून ऐकू येऊ लागले आहे. टाळेबंदीत नाइलाज म्हणून केलेली गोष्ट उद्या सोय म्हणून कायमची होणार असेल, तर तिचा हिशेब आजच मांडायला हवा. तो मांडताना मुलींचा रकाना वेगळा काढायला हवा, कारण तो कुणी काढलेला नाही.

आपल्या सगळ्याच मैत्रिणींना हे प्रकरण माहीत असेल असे नाही, म्हणून थोडक्यात सांगते. आभासी वर्ग, म्हणजे ज्याला सगळे व्हर्च्युअल क्लासरूम म्हणतात, तो फोनवर किंवा संगणकावर चालतो. शिक्षक एका ठिकाणी, विद्यार्थी आपापल्या ठिकाणी. पडद्यावर शिक्षकाचा चेहरा दिसतो, फळ्यासारखी लिहायची जागा असते, 'हात वर करा'चे बटण असते, प्रश्न लिहून विचारता येतो, हजेरी आपोआप लागते. झूम, गूगल मीट, मायक्रोसॉफ्ट टीम्स ही नावे आपल्या मुलांच्या तोंडी आहेत. ही कंपन्यांची साधने झाली. मूडल आणि बिगब्ल्यूबटन ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. ती कुठलेही विद्यापीठ आपल्या यंत्रणेवर बसवू शकते आणि गरजेप्रमाणे बदलूही शकते.

ही कल्पना टाळेबंदीत आकाशातून पडली नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरबसल्या शिकणाऱ्यांसाठी काम करते आहे. २००४ साली इस्रोने 'एज्युसॅट' हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह सोडला, तेव्हा सुरुवातीच्या प्रयोगात आपले मुक्त विद्यापीठही होते. पुढे मुंबईच्या आयआयटीने 'ए-व्ह्यू' या सॉफ्टवेअरवरून देशभरच्या अभियांत्रिकी शिक्षकांना एकाच वेळी प्रशिक्षण दिले. पण या प्रयोगांत एक गोष्ट समान होती. शिकणारा कुठल्यातरी केंद्रावर जाऊन बसत असे, निदान अधूनमधून तरी. तिथे पडदा असे, वीज असे, शेजारी दुसरा शिकणारा असे. २०२० मध्ये ते केंद्रच नाहीसे झाले आणि त्याची सगळी जबाबदारी घरावर येऊन पडली. घर म्हणजे काय, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक असणार?

मार्च २०२० आठवा. इस्लामपुरात एकाच कुटुंबातले रुग्ण सापडले आणि सांगली जिल्ह्याचे नाव राज्यभर झाले. कॉलेजे त्याआधीच बंद झाली होती. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ चे. सातारा आणि सांगलीतली कॉलेजे त्याच्याच छत्राखाली वाढली. त्यांतल्या मुलामुलींना सांगितले गेले, वर्ग आता फोनवर होतील. शिक्षकांनाही हे नवे होते. कित्येकांनी स्वतःच्या खर्चाने तिपाई आणली, भिंतीला फळा लावला, पोरांना वेळी-अवेळी फोन करून विचारपूस केली. त्यांच्या कष्टांना नावे ठेवण्याचा हेतू नाही.

पण पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरात रेंज कुठे होती? मुली टेकाडावर, पाण्याच्या टाकीवर, रस्त्याच्या वळणावर जाऊन बसत. वर्तमानपत्रांत अशा मुलींचे फोटो छापून आले आणि 'जिद्दीला सलाम' असे मथळे आले. जिद्द होतीच. पण मुलीने रानात एकटीने तासन्‌तास बसावे लागणे ही कौतुकाची बाब की व्यवस्थेच्या नामुष्कीची, हे कुणी विचारले नाही. आणि ज्यांना 'एकटी रानात जाऊ नको' असे घरच्यांनी बजावले, त्या मुलींचा फोटो कुणीच काढला नाही.

जत, आटपाडी, माण, खटावच्या दुष्काळी पट्ट्यात रेंज मिळे, पण फोन मिळत नसे. तिथल्या बहुतेक घरांत एकच स्मार्टफोन. त्यावर पहिला हक्क बापाचा, कारण त्याला कामाचे फोन येतात. दुसरा भावाचा, कारण तो मुलगा. उरलेल्या वेळात बहिणीचा. चित्रासह चाललेला तासाभराचा वर्ग अर्धा-एक जीबी डेटा सहज खातो आणि दिवसाचा पॅक असे दीड जीबीचा. भावाचे दोन तास झाले की बहिणीच्या वाट्याला गोल फिरणारे चक्र तेवढे उरे.

ही आपल्याच भागाची रड नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. इंटरनेट कधीतरी वापरले आहे असे सांगणाऱ्या स्त्रिया देशात ३३.३ टक्के होत्या आणि पुरुष ५७.१ टक्के. ग्रामीण भागात स्त्रियांचे प्रमाण २४.६ टक्के. स्वतः वापरतो असा मोबाइल असलेल्या ग्रामीण स्त्रिया ४६.६ टक्के, आणि त्यात साधे बटणांचे फोनही आले. म्हणजे ज्या वर्षी विद्यापीठाने आपला वर्ग फोनमध्ये नेला, त्या वर्षी खेड्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या हाती स्वतःचा फोनच नव्हता. वर्गाला आपण कुलूप घातले आणि किल्ली बाप-भावाच्या खिशात ठेवली.

फोन मिळाला तरी वेळ कुठून आणायचा? केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात २०१९ साली घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा जात होता ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे सुटली आणि पुरुषानेही आपली नऊ सोडवून घेतली! मुलगी कॉलेजला गेलेली असते तेव्हा निदान सकाळी दहा ते दोन या वेळेत तिला कुणी पाणी मागत नाही. तीच मुलगी घरातल्या कोपऱ्यात फोनसमोर बसली की ती 'मोकळीच' दिसते. "जरा दूध बघ गं," "पाव्हनं आल्यात, च्या टाक," "बाळाला घे थोडं." कॅमेरा बंद, माइक बंद, हजेरी लागलेली आणि मुलगी स्वयंपाकघरात. सॉफ्टवेअरच्या नोंदीत तिची उपस्थिती शंभर टक्के दिसते. तिच्या आईला पडलेल्या प्रश्नाचा रकाना त्या नोंदीत नाही.

व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेने १९२८ साली केंब्रिजच्या मुलींच्या कॉलेजांत व्याख्याने दिली होती. बाईला लिहायचे असेल तर हाती थोडे पैसे हवेत आणि स्वतःची खोली हवी, असा त्यांचा आशय. आपल्याकडे मुलीला खोली कुठली मिळायला? दोन खणांच्या घरात सहा माणसे राहतात. तिची खोली म्हणजे कॉलेज. ग्रंथालयातला बाक, मुलींची खोली, झाडाखालचा कट्टा, एसटीतली खिडकीजवळची जागा. तिथे ती कुणाची मुलगी, कुणाची बहीण नसते. चार तास तिला तिच्या नावाने हाक मारतात. आपल्या गटांत येणाऱ्या कितीतरी कार्यकर्त्यांनी पहिली घोषणा कॉलेजच्या आवारातच दिलेली आहे. मासिक पाळीपासून आंतरजातीय प्रेमापर्यंत सगळे पहिल्यांदा बोलले जाते ते मधल्या सुट्टीत, मैत्रिणीपाशी. आभासी वर्गाने तास दिला, पण मधली सुट्टी काढून घेतली.

या मातीत शिक्षणाचा इतिहास हा घराबाहेर पडण्याचा इतिहास आहे. सावित्रीबाई मूळच्या याच जिल्ह्यातल्या, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या, जन्म १८३१. त्यांनी पुण्यात मुलींना शाळेत बोलावले, म्हणजे आधी उंबरठ्याबाहेर बोलावले. त्या स्वतः अंगावर शेण-दगड झेलत रस्त्याने चालत शाळेत गेल्या, ते चालणेही शिकवणेच होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभे केले. बहुजनांच्या पोराला शिकवायचे तर आधी त्याला राहायला, जेवायला आणि अभ्यासाला जागा द्यावी लागते, हे त्यांनी ओळखले होते. त्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत. मुलांच्या पोटाला कमी पडू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. त्यांचे नाव आपण भाषणात घेतो. पण त्यांच्या सोन्याने जे उभे राहिले ती होती एक जागा, घरापासून दूर, शिकण्यासाठी राखलेली. आज आपण त्याच जिल्ह्यात म्हणतो आहोत की जागेची गरज नाही, फोन पुरे.

आता या हिशेबातले सर्वांत कडू पान. वर्ग घरी आला तेव्हा मुलगी 'घरीच तर आहे' असे झाले. टाळेबंदीत पन्नास माणसांत लग्ने उरकता येत होती, खर्च वाचत होता. "तिकडं गेल्यावर बी फोनवर शिकंल की," असे सासरचे म्हणाले आणि माहेरच्यांनी मान डोलावली. ऑनलाइन शिक्षणाने लग्नाला आयतीच सबब दिली. आमच्या कामाच्या गावांत अशा सुना आम्ही पाहिल्या. फोन त्यांच्याबरोबर गेला नाही, आणि गेला तिथे नवऱ्याने तपासायला घेतला. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते, असे त्याच पाचव्या फेरीने सांगितले. अठरा पूर्ण होताच पदवीच्या पहिल्या वर्षातून उचलल्या गेलेल्या मुली यात मोजलेल्याही नाहीत.

पुढे २० ऑक्टोबर २०२१ ला कॉलेजे उघडली. मुलींनी दप्तरे झटकली. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या पगाराची रड खरीच होती, त्यांच्या घरातल्या बायकांनीही ते दिवस कसे काढले ते आपण पाहिले आहे. पण पाटणच्या खोऱ्यातली किंवा जतच्या टोकाची मुलगी पुन्हा घरातच राहिली. मुलगे मोटारसायकलवर तिघे-तिघे बसून गेले. मुलीला वडापच्या जीपमध्ये पाठवायला घर धजावले नाही. तेव्हा कुणीतरी सहज म्हणाले, "ऑनलाइन आहे की!" म्हणजे रस्ता बंद पडला की पडदा पुढे करायचा, ही सवय लागली. त्याआधी जुलै २०२१ च्या महापुरात सांगली पाण्यात गेली, पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. अशा आपत्तीत पडद्याचा आधार घेणे मला समजते. पण आपत्ती सरल्यावरही रस्ता दुरुस्त न करता पडदाच पुढे करणे, हे समजत नाही.

मैत्रिणींनो, इथपर्यंत लिहून मी थांबले असते तर ते अर्धसत्य झाले असते. कारण त्याच दिवसांत मिरजेजवळच्या एका गावातली एक मैत्रीण भेटली. नवऱ्याने टाकलेली, पदरी एक मूल, भावाच्या घरी राहणारी. तिने बहिःस्थ बी.ए.ला नाव घातले होते. दिवसा द्राक्षबागेत मजुरी, संध्याकाळी भावजयीच्या हाताखाली. रात्री सगळे निजले की ती कानाला इअरफोन लावून गच्चीच्या पायरीवर बसे आणि कुणा प्राध्यापकाचे ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐके. न कळलेला भाग ती पुन्हा लावी, तिसऱ्यांदा लावी. म्हणाली, "ताई, वर्गात मला कुनी बसू दिलं नसतं. आन बसले असते तरी परत परत इचारायला लाजले असते. ह्यो सर चिडत न्हाई."

तिला मी काय सांगू? आभासी वर्ग वाईट म्हणून? परित्यक्तांच्या हक्कांसाठी सांगली जिल्ह्यातल्या स्त्रियांनी १९८० च्या दशकापासून जी लढाई लढली, तिच्यात घर, जमीन, रेशनकार्ड या मागण्या होत्या. अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्याचा मार्ग हीही त्याच लढ्याची पुढची पायरी आहे. अंगणवाडी सेविका, आशा, अपंग मैत्रिणी, लहान मुलांच्या आया, ऊसतोडीला सहा महिने बाहेर राहणाऱ्या घरांतल्या मुली, या सगळ्यांसाठी वेळेचे बंधन नसलेला वर्ग ही मोठी गोष्ट आहे. त्यांच्या तोंडासमोर ही खिडकी लावून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मग दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? फरक यंत्रात नाही, तो त्या बाईच्या आधीच्या स्थितीत आहे. जिला कॉलेजचे दार कधी मिळालेच नव्हते, तिला पडद्याने काहीतरी दिले. जिला ते दार मिळाले होते, तिच्याकडून पडद्याच्या नावाने ते काढून घेतले गेले. म्हणून कुठलीही ऑनलाइन योजना समोर आली की आपला प्रश्न एकच असावा: यामुळे बाईच्या वाट्याला जागा आणि वेळ वाढतो, की कमी होतो? सॉफ्टवेअर किती नवे, किती महाग, कुठल्या कंपनीचे, हे नंतर.

या कसोटीवर घासून काही मागण्या मांडते. गटांत चर्चा करा, खोडा, भर घाला.

पहिली मागणी: आभासी वर्ग जोडीला हवा, बदली नको. शिक्षकाची रिकामी जागा भरण्याऐवजी पडदा लावणे आपल्याला मान्य नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांत आपल्या कितीतरी बहिणी आहेत. तासावर मोजून पैसे घेणाऱ्या या शिक्षिकांनी घरचे सगळे सांभाळून रात्री ध्वनिचित्रफिती तयार केल्या. त्या श्रमाचा हिशेब कुणी ठेवला? एकदा तयार केलेली फीत वर्षानुवर्षे चालवून त्याच बाईचा तास कापला जाणार असेल, तर तो अन्याय आहे.

दुसरी: वर्ग कमी डेटात चालला पाहिजे. नुसता आवाज ऐकण्याची सोय, नंतर ऐकण्यासाठी ध्वनिमुद्रण, मराठीतून छापील टिपणे, ही किमान अट हवी. ठरल्या वेळी हजर असण्याची सक्ती करून हजेरी कापू नये. विद्यापीठांनी मुक्त सॉफ्टवेअर आपल्याच यंत्रणेवर चालवावे, म्हणजे आपल्या मुलींचे चेहरे आणि फोन नंबर दुसऱ्याच्या गोदामात जाऊन पडणार नाहीत.

तिसरी: गावात बसायची जागा. ग्रामपंचायतीचे सभागृह, वाचनालय, संध्याकाळी रिकामी असलेली प्राथमिक शाळा, यांपैकी एका ठिकाणी वीज, इंटरनेट, दोन-चार संगणक आणि स्वच्छतागृह हवे. तिथले ठरावीक तास मुली-बायकांसाठी राखलेले हवेत. आभासी वर्ग घरात बसून करायचा नाही, चौघीजणींनी एकत्र येऊन करायचा. मग पडद्याचा फायदाही मिळेल आणि उंबरठाही ओलांडला जाईल. मघाशी सांगितलेली जुनी केंद्राची कल्पना हीच होती, फक्त ती तालुक्यावरून गावात आणायची आहे.

चौथी: सुरक्षितता. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटातून मुलीचा नंबर उचलून तिला त्रास देणे, पडद्यावरचा फोटो टिपून फिरवणे, हे प्रकार आपल्यापर्यंत आलेले आहेत. घरी कळले तर फोनच जाईल आणि कॉलेजही जाईल, म्हणून मुलगी बोलत नाही. कॅमेरा लावण्याची सक्ती नको, कारण प्रत्येकीला आपले घर चारचौघांना दाखवावेसे वाटेलच असे नाही. २०१५ च्या यूजीसी नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावी लागते आणि विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात तिच्यात विद्यार्थी प्रतिनिधीही असावे लागतात. आभासी वर्ग ही कॉलेजचीच जागा आहे, तिथे घडलेले वर्गातच घडले असे धरून समितीने काम केले पाहिजे. तुमच्या कॉलेजातल्या समितीवरच्या बाईंचे नाव मुलींना ठाऊक आहे का, एवढे जरी विचारलेत तरी पुष्कळ कळेल.

पाचवी मागणी साधी आहे, आणि सगळ्यांत जुनीही: एसटी. बारावीपर्यंत मुलींना मोफत पास मिळतो, नंतर सवलतीचा काढावा लागतो. मार्च २०२३ पासून बायकांना तिकीट निम्मे झाले, हे चांगलेच झाले. पण गाडीच नसेल तर निम्मे तिकीट कशाचे काढायचे? कॉलेज सुटण्याच्या वेळेला परतीची गाडी हवी आणि ती शेवटच्या वाडीपर्यंत जायला हवी. मुलींच्या उच्च शिक्षणासाठी यापेक्षा परिणामकारक साधन मला तरी माहीत नाही.

हे सगळे वर कुणीतरी करील म्हणून आपण बसून राहायचे नाही. या तिमाहीत प्रत्येक गटाने एक काम करावे, असे सुचवते. आपल्या गावातल्या कॉलेजच्या वयाच्या मुलींची यादी करा. कोण जाते, कोण जात नव्हती आणि आता शिकते आहे, कोण जात होती आणि थांबली, ते लिहा. थांबलेल्या प्रत्येकीला तीन गोष्टी विचारा: फोन कुणाचा, वेळ कुणाचा, रस्ता कसला? उत्तरे घेऊन चौघी-पाचजणी मिळून प्राचार्यांकडे, आगारप्रमुखांकडे आणि ग्रामसभेत जा. तुमची टिपणे आमच्याकडे पाठवा. पोस्टकार्डावर चार ओळी असल्या तरी चालतील. आलेली पत्रे पुढच्या अंकात एकत्र छापू.

आटपाडीच्या त्या आईला मी निरोप पाठवला आहे. पोरीचे नाव कॉलेजच्या पटावर होते, पण ती घरात होती, आणि यात तिची चूक नाही. तिची राहिलेली परीक्षा द्यायची असेल तर फॉर्म भरायला मी बरोबर येते. आईचा उलट निरोप आला: "फारम भरू. पन या टायमाला ती कॉलेजात जाऊन बसनार. भाकरीचं आमी बघतो."

हा निरोप ज्या दिवशी घराघरांतून येईल, त्या दिवशी वर्ग कुठल्या सॉफ्टवेअरवर चालतो याची फार काळजी करावी लागणार नाही.

जिंदाबाद!

संपादक मंडळाच्या वतीने